हिराताईंची अक्षत

आमच्या कलासंग्रहालयाच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. पुढच्या महिन्यात काय काय होणार ते मी त्यावर रंगीत खडूंनी लिहितो. अक्षर माझं चांगलं आहे, हे मी सांगायला नको. उभी नोकरी नेऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. जुन्या छापचित्रांचं प्रदर्शन, मुलांसाठी मातीकाम, जलरंगांचं प्रात्यक्षिक, असं सगळं मी नीट आखून लिहितो. नांद्याहून चांद्याकडे जाणारी माणसं थांबतात, फळा वाचतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, "ताईंच्या येळंला लई मजा यायची." मग गाडीला किक मारून निघून जातात.

या ताई म्हणजे हिराताई ढमाले. आता त्या नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं म्हणतात, आणि मीही चांगलंच बोलणार आहे, कारण दुसरं काही बोलायला त्या बाईनं जागाच ठेवली नाही. माझी खरी तक्रार तीच आहे. मला हिराताईंचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो.

संग्रहालय म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. एका हौशी उद्योजक कुटुंबानं भाताच्या खाचरांमध्ये बांधलेली बैठी इमारत. एक मोठं दालन, दोन लहान, मागे मातीकामाची शेड. बांधली तेव्हा चहूबाजूंनी हिरवं होतं. आता खिडकीतून बघावं तिकडे बांधकामाच्या क्रेन दिसतात. मी निवृत्त झालो तेव्हा विश्वस्तांनी मला प्रदर्शनांचं काम दिलं आणि गावाशी संपर्क ठेवायला हिराताईंना घेतलं. त्या एके काळी ग्रामपंचायतीवर होत्या आणि संग्रहालयाच्या जमिनीतला एक तुकडा त्यांच्या घरचाच होता.

मी हे काम घेतलं त्याला एक कारण होतं. मुळशीतले डोंगर, खाचरं, धरणाचं पाणी मी वर्षानुवर्षं जलरंगात काढत आलो होतो. मोठ्या दालनात एकदा माझं प्रदर्शन लागावं आणि ते बघायला माणसं यावीत, एवढंच मला हवं होतं. विश्वस्त म्हणाले, बघू. त्या 'बघू'वर मी बरीच वर्षं काढली.

हिराताई उंच होत्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, पदर खोचलेला, आणि आवाज असा की शेडमध्ये बोलल्या तर फाटकावरचा पहारेकरी 'आलो' म्हणायचा. चित्रांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. चित्राला त्या फोटू म्हणायच्या. "ताई, चित्र म्हणा," मी सांगायचो. "तेच की," त्या म्हणायच्या आणि पुन्हा फोटू म्हणायच्या. दालनात उभ्या राहिल्या की त्यांची पाठ कायम भिंतीकडे. प्रदर्शनाला त्या प्रदर्शनही म्हणत नसत, कार्य म्हणत. पुढल्या ऐतवारी आपल्यात कार्य हाय. ऐकणाऱ्याला वाटावं कुणाचं तरी लग्न आहे.

उद्घाटनाच्या दिवशी त्या दालनात नसायच्याच. बाहेर, जिथे लोक चपला काढतात तिथे उभ्या. चपलांवरून त्यांना आत कोण आहे ते कळायचं. एकदा मी विचारलं, काय बघताय? तर म्हणाल्या, "शंकरतात्या आल्यात, पर वैनी न्हाई आल्या. घरात कायतरी झालंय." दुसऱ्या दिवशी त्या शंकरतात्यांच्या घरी जाऊन आल्या, आणि पुढच्या कार्यक्रमाला दोघांच्या चपला शेजारी शेजारी होत्या. मी त्या वेळी आत एका चौकटीची पातळी तपासत होतो. चौकट तिरकी लागलेली मला चालत नाही. ती सरळ आहे हे मात्र आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

पहिल्याच प्रदर्शनाला मी सुरेख निमंत्रणपत्रिका छापून घेतली होती. जाड हस्तिदंती कागद, वर सोनेरी रेघ. नांदे, चांदे, नेरे, घरोघर टाकायला लावली. त्या दिवशी पुण्याहून माझे काही मित्र आले, गावातून कोणी नाही. मी चिडलो. या लोकांना कलेचं काही नाही, असं हिराताईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो.

त्या शांतपणे म्हणाल्या, "आवतन कुनी दिलं?"

पत्रिका दिली की, मी म्हणालो. त्यावर त्यांनी मला समजावलं नाही. पुढच्या वेळी एका वाटीत कुंकवानं लाल केलेले तांदूळ घेतले आणि निघाल्या. आधी देवळात जाऊन भैरोबापुढे चिमूटभर ठेवले. मग घरोघर जाऊन उंबऱ्यावर उभं राहायचं, हातावर अक्षत ठेवायची आणि तोंडानं बोलवायचं. लग्नाची अक्षत देतात तशीच. गावातली घरं झाली की भाड्याच्या खोल्यांमधल्या आयटीवाल्या मुली, मग बांधकामावरची बिहारी माणसं, मग डोंगरातली वाडी. त्या रविवारी दालनात उभं राहायला जागा नव्हती. माझ्या सोनेरी रेघेची पत्रिका एका घरी दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलेली मी नंतर पाहिली.

आता अक्षत कुणीही देईल. पण प्रत्येक घरी त्या वेगळं बोलायच्या, तिथे त्यांची खरी करामत होती. एकदा आम्ही शहरातल्या एका चित्रकाराची अमूर्त चित्रं लावली. मोठमोठे कॅनव्हास, नुसते रंग. यात काय हाय, असं हिराताईंनी विचारल्यावर मी त्यांना आकार, अवकाश, पोत असं बराच वेळ सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. मग वाटी घेऊन गेल्या. पारावरच्या म्हाताऱ्यांना म्हणाल्या, शहरातली लोकं ह्याला चित्र म्हणत्यात, खरं काय ते तोंडावर सांगनारं कुनीतरी पायजे. आयटीतल्या मुलींना म्हणाल्या, पिवळी जर्द भिंत हाय, साडी नेसून या, झ्याक दिसाल. वाडीवरच्या बायकांना म्हणाल्या, पोरांना रंग देनार हायेत, जुनी कापडं घालून आना. मला हे सगळं भयंकर वाटलं. कलेचा हा काय बाजार, असं मी घरी बायकोला सांगितलं.

बायको म्हणाली, "पण खोटं काय सांगितलं त्यांनी?"

बायकोचंही आता सांगतोच. मी लावलेल्या एकाही प्रदर्शनाला ती चहाच्या पुढे थांबली नव्हती. हिराताईंच्या कार्यक्रमांना मात्र ती सकाळपासून जायला लागली. गोधडी शिवण्याचा दिवस, ओव्यांचा दिवस, जुन्या भांड्यांचा दिवस. संध्याकाळी घरी आली की 'हिराताई म्हणत होत्या' इथून जेवण सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं. मी शिकवलेली पोरं, ज्यांना ब्रश धरायला मी शिकवलं, ती फाटकातून आत आली की आधी त्यांच्या पाया पडायची, मग इकडे तिकडे बघून माझ्या. आपल्याच घरात आणि आपल्याच पोरांत दुसरं कोणीतरी भाव खाऊन जातं तेव्हा कसं वाटतं, ते मी त्या वर्षांत शिकलो.

तर त्या अमूर्त चित्रांना पारावरचे सगळे म्हातारे आले. एका तांबड्या-काळ्या कॅनव्हासपुढे त्यांनी सतरंजी टाकायला लावली आणि बसले. बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग त्यांतले सगळ्यांत थोरले दगडूनाना म्हणाले, हे राब भाजल्यालं वावर हाय. भाताचं रोप टाकण्याआधी आमच्याकडे पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, तो राब. दुसरा म्हणाला, न्हाई, राख अशी लाल नसती. त्यावर वाद सुरू झाला. चित्रकार तिथेच उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या चित्रापुढे एवढा वेळ कधी कोणी बसलं नाही म्हणाला, आणि जाऊन त्यानं हिराताईंचे दोन्ही हात धरले. हिराताईंची तेव्हाही पाठ चित्राकडेच होती. ते चित्र भिंतीवर मी लावलं होतं, पण माझ्याकडे कोणी आलं नाही.

शेवटी एकदा विश्वस्तांचं 'बघू' संपलं आणि मला मोठं दालन मिळालं. फळ्यावर मी स्वतःच्या प्रदर्शनाचं नाव दोनदा पुसून तिसऱ्यांदा लिहिलं. नेमक्या त्याच सुमाराला हिराताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच्या खाली कुठेतरी बरंही वाटत होतं. या वेळी माणसं आली तर ती माझ्याकडे आलेली असतील, ताईंकडे नाही.

दवाखान्यातून त्यांचा फोन आला. सून अक्षत फिरवील म्हणाल्या. मी म्हणालो, नको, मी स्वतः देतो. त्या म्हणाल्या, मग ऐका, आधी देवळाच्या अंगानं... मी म्हणालो, ताई, इतकी वर्षं बघतोय, मला माहीत आहे, तुम्ही आराम करा. आणि फोन ठेवला.

मी वाटी घेतली, भैरोबाला अक्षत ठेवली आणि स्कूटर काढली. डांबरी रस्त्याला लागून जी घरं आहेत तिथून सुरुवात केली, कारण ती सोयीची होती. प्रत्येक उंबऱ्यावर नीट बोललो. लोकांनी अक्षत घेतली, एकमेकांकडे पाहिलं, चहा दिला. मग मी आत देवळामागच्या आळीत गेलो. तिथेही हातावर अक्षत घेतली, पण चहाचं कोणी विचारलं नाही. मला वाटलं, दुपारची वेळ आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी प्रमुख पाहुणे, विश्वस्त, माझी बायको, तिची बहीण आणि पहारेकरी एवढे लोक होते. मोठं दालन रिकामं असलं की फार मोठं दिसतं. पाहुणे माझ्या चित्रांमधल्या शांततेबद्दल बोलले आणि त्यांचा आवाज भिंतीवरून परत येत होता. घरी आल्यावर मी बायकोशी बोललो नाही आणि तीही हिराताईंचं नाव काढायचं टाळत होती, हे मला कळत होतं. त्याचा जास्त राग आला.

दोन दिवसांनी ताईंचा फोन. घरी आल्या होत्या.

"सर, अक्षत आधी कुटं दिली?"

"रस्त्यावरच्या घरांपासून."

त्या म्हणाल्या, "म्हंजी धाकट्या आळीला. सर, पयला मान थोरल्या आळीचा. देवळामागची. आता थोरली आळी येनार न्हाई, आन थोरली न्हाई म्हनून धाकटीबी येनार न्हाई."

मी विचारलं, मग धाकट्या आळीनं मला तेव्हाच का नाही सांगितलं?

"तुमी चुकलाय हे त्यास्नी कळत हुतं. पर दारात आल्याल्या मानसाला तोंडावर कसं सांगायचं?"

माझी चित्रं वाईट आहेत म्हणून लोक आले नाहीत असं मला दोन दिवस वाटत होतं. तसं नव्हतं म्हणून हायसं वाटायला हवं होतं. पण चित्रं चांगली की वाईट हा प्रश्नच कुणाच्या मनात आला नव्हता, आणि ते मला जास्त झोंबलं.

मी काय करावं हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलाच्या गाडीत पाय आडवा ठेवून त्या थोरल्या आळीत गेल्या आणि दगडूनानांच्या ओसरीवर बसल्या. तिथे काय झालं ते पुढे नानांनीच मला ऐकवलं. ताई त्यांना म्हणाल्या होत्या, सरांनी उगाच न्हाई धाकट्यांना आधी दिली. कार्य उघडायचं धाकट्यांनी आन पुरं करायचं थोरल्यांनी, शेवटचा नारळ तुमचा राखून ठेवलाय. असलं काही माझ्या डोक्यातही नव्हतं. समारोप नावाचा कार्यक्रमच मी ठेवला नव्हता. तो मी त्या संध्याकाळी घाईनं फळ्यावर लिहिला.

समारोपाला दोन्ही आळ्या लोटल्या. नानांनी नारळ फोडला आणि माणसं आत शिरली. माझ्या चित्रांपुढे गर्दी झाली हो, खरी गर्दी. डोंगराखालच्या खाचरांचं एक मोठं चित्र होतं, त्याच्यापुढे नाना थांबले. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "सर, हा बांध तुमी आमच्यात सरकावलाय." धाकट्या आळीचा एक जण म्हणाला, न्हाई नाना, बांध हाय तितंच हाय. मी म्हणालो, अहो ते चित्र आहे, तोल साधायला थोडं इकडे तिकडे करावं लागतं. नाना म्हणाले, तोल तुमचा, वावर आमचं. दोन्ही बाजूंची माणसं जमली, बोटं चित्राच्या काचेला टेकायला लागली. मी बोटं दूर करत होतो आणि मनातून सुखावलो होतो. माझ्या चित्रावर लोक भांडत होते.

मग नजर कोपऱ्यात गेली. हिराताई खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर, पाठ भिंतीकडे. चित्रापुढून जो हलत होता तो त्यांच्याकडे जात होता. माझी बायको त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली होती. बांधाचा वादही शेवटी त्यांच्याकडेच गेला, आणि त्यांनी काहीतरी बोलून दोन्ही बाजूंना हसवलं. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. तेवढ्या एका गोष्टीनं माझा दिवस नासला.

दालन रिकामं झाल्यावर मी त्यांच्यापाशी गेलो. वॉकर धरून उठत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला विचारलं, यातलं कुठलं आवडलं?

"खोटं कशाला बोलू, सर. म्या फोटू बगितलंच न्हाईत," त्या म्हणाल्या. "म्या बगनाऱ्यांची तोंडं बगत हुते. नाना त्या बांधाम्होरं हुतं तवा त्यांचं तोंड बारक्या पोरावानी झालं हुतं. तुमी न्हाई बगितलं?"

नव्हतं बघितलं. मी ताईंकडे बघत होतो.

पुढे त्यांच्या मुलानं जमीन विकून टाकली आणि बाणेरला फ्लॅट घेतला. ताई तिकडे राहायला गेल्या. संग्रहालयात मी एकटा राहिलो, आणि खरं सांगायचं तर पहिला महिना मोकळं वाटलं. मग अक्षत द्यायला मी स्वतः जाऊ लागलो. भैरोबा, थोरली आळी, मग धाकटी, सगळं क्रमानं. माणसं यायची. ताईंच्या वेळेइतकी नाही, पण यायची. वर्षभरानं मला पुन्हा मोठं दालन मिळालं तेव्हा मी एका कागदाच्या पुडीत चिमूटभर अक्षत बांधली आणि बाणेरला गेलो. त्यांना बोलवायचं होतं हे खरं, पण आपण आता हे काम त्यांच्याशिवाय करतो, हेही त्यांना दिसावं असं वाटत होतं. आणि त्या बाराव्या मजल्यावर एकट्या बसलेल्या दिसतील, कुणी अवतीभवती नसेल, अशीही माझी कल्पना होती. तशी त्या दिसाव्यात असं वाटत होतं, म्हणा ना.

सून म्हणाली, आई खाली बागेत आहेत. खाली गेलो. बागेत बाकांवर बायकाच बायका. कुणाची आई लखनौहून आलेली, कुणाची हैदराबादहून, कुणाची कुठून, मुलांकडे येऊन पडलेल्या. मधोमध हिराताई, आणि त्यांचं हिंदी. ते हिंदी मी इथे लिहीत नाही. पण त्या बायका पोट धरून हसत होत्या. मी पुडी हातात धरून बराच वेळ उभा होतो.

मग त्यांचं लक्ष गेलं. "हे हमारे सर," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "लई अच्छा फोटू काढते." ज्या बाईनं माझं एक चित्र कधी पाहिलं नाही तिनं हे सांगितलं, आणि सगळ्या माझ्याकडे आदरानं बघायला लागल्या.

मी पुडी उघडून अक्षत त्यांच्या हातावर ठेवली आणि रविवारचं सांगितलं. त्यांनी तळहातावरच्या तांदळाकडे पाहिलं. मग शेजारच्या बाईच्या हातावर चार दाणे ठेवले, पलीकडच्या बाईच्या हातावर चार, आणि तशाच सगळ्यांना देत गेल्या. प्रत्येकीला डोळ्यांत बघून सांगत होत्या की ऐतवारको जाने का, गाडी मैं करती. सगळ्या हो म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा हात रिकामा झाला.

"ताई, तुम्हाला काहीच उरलं नाही," मी म्हणालो.

"घरच्या मानसाला कुनी अक्षत देतं व्हय?" त्या म्हणाल्या. "गुडघा म्हनला तर यीन. न्हाईतर तुमी हायेत की."

गुडघा हो म्हणाला नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. अक्षत दिली त्या दिवशी मी निरोप घेऊन सोसायटीच्या फाटकाकडे निघालो आणि वळून पाहिलं. ताईंची माझ्याकडे पाठ होती. त्या सगळ्या बायकांना सांगत होत्या की घाबरनेका न्हाई, अपनेको कुछ समजता न्हाई ऐसा न्हाई, हमारे सर एकेकको हात धरके सब दिखाते. मी आयुष्यात कुणाला हाताला धरून चित्र दाखवलं नव्हतं. रविवारी त्या बायका गाडीतून उतरल्या, दालनाच्या दाराशी चपला काढून थांबल्या आणि त्यांतल्या पहिलीनं माझ्यापुढे हात केला.